चित्रात कोण नाही? अक्कमहादेवींच्या वचनांतील एकटेपण आणि एकांत



वचन पाठ असणे ही एक गोष्ट आणि ते वचन डोळ्यांसमोर उभे राहणे ही दुसरी. अक्कमहादेवींची पाच-दहा वचने आपल्यापैकी पुष्कळांना मुखोद्गत असतात. सामुदायिक प्रार्थनेत ती म्हटली जातात, मागाहून कोणी भावार्थ सांगतो, आणि तो भावार्थ बहुतेक वेळा एका वाक्यात संपतो : अक्का वैराग्याची मूर्ती होत्या. वाक्य खोटे नाही. पण ते कोणत्याही विरक्ताला लावले तरी चालते. जे सर्वांना लागू पडते त्यातून अक्का एक जिवंत व्यक्ती म्हणून आपल्याला भेटत नाहीत. त्या भेटतात त्यांनी वचनांत रेखाटलेल्या चित्रांतून. या पाठात अशी सहा चित्रे पाहावयाची आहेत. मूळ वचने येथे उतरवून दिलेली नाहीत. ती आपल्या जवळच्या संग्रहातून काढून समोर ठेवावीत आणि मग हा पाठ वाचावा.

पाहण्याची रीत

साहित्यात माणसाचा स्वभाव दोन प्रकारे कळतो. एक सांगून, दुसरा दाखवून. 'म्हातारी एकटी राहत होती' असे सांगितले की माहिती मिळते. 'म्हातारीने सवयीने दोन पाट मांडले, आणि मग एक उचलून भिंतीला टेकवून ठेवला' असे दाखवले की त्या घरात पूर्वी कोणी होते, आता नाही, आणि म्हातारीचा हात अजून ते विसरलेला नाही, एवढे सारे तिने तोंडातून शब्द न काढता कळते. दुसऱ्या वाक्यात 'एकटी' हा शब्दच नाही. रिकामा पाट आहे.

म्हणजे चित्रात जे दिसते तेवढेच बोलते असे नाही. जे दिसत नाही तेही बोलते. म्हणून प्रत्येक वचनाला आपण तीन प्रश्न विचारू. पहिला, डोळ्यांसमोर काय येते? दुसरा, त्या चित्रात अक्का कोठे उभ्या आहेत? तिसरा, त्या चित्रात कोण नाही? पहिल्या प्रश्नाने चित्र दिसते, दुसऱ्याने स्वभाव कळतो आणि तिसऱ्याने एकटेपण.

अक्कांचे चरित्र थोडक्यात आठवू. त्या बाराव्या शतकातल्या. त्यांचे गाव उडुतडी, हे आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील शिकारीपूर तालुक्यात आहे. राजा कौशिकाने त्यांना मागणी घातली ही कथा आपण जाणतोच. विवाह झाला की नाही याबाबत ग्रंथांत एकमत नाही. हरिहराच्या रगळेत विवाह झाल्याचे आणि अक्कांच्या अटी मोडल्यावर त्या राजवाडा सोडून निघाल्याचे सांगितले आहे. चामरसाच्या 'प्रभुलिंगलीले'त विवाह झालेलाच नाही. पुढे त्या कल्याणला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, अनुभव मंटपात आल्या आणि शेवटी श्रीशैलाच्या कदळीवनात गेल्या. घर, राजवाडा, वाट, सभा, वन असा हा प्रवास. वचनांवर मात्र तिथी-वार नाहीत. त्यामुळे कोणते वचन प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावरचे हे ठरविता येत नाही. पुढील क्रम अभ्यासाच्या सोयीसाठी लावलेला आहे, चरित्राचा पुरावा म्हणून नाही.

१. कळपातून तुटलेला हत्ती

पहिल्या वचनात एक पकडलेला हत्ती आहे. तो कळपापासून तुटला आहे आणि विंध्याची आठवण काढतो आहे. लगेच दुसरे चित्र येते : बंधनात सापडलेला पोपट आपल्या आप्तांना आठवतो आहे. आणि त्यानंतर अक्का चन्नमल्लिकार्जुनाला विनवितात की, मला 'बाळ, इकडे ये' अशी हाक मारून आपले रूप दाखव.

कैदी हत्तीला विंध्य आठवणे हा संस्कृत काव्यातील जुना संकेत आहे. इंदूरच्या आपल्या वाचकांना विंध्य दारातला. उडुतडीच्या मुलीला तो दूरचा, ऐकलेला. पण तोच दूरपणा तिला येथे कामास आला आहे. हत्ती तुटला कळपापासून, आणि आठवतो मात्र पर्वत. सोबती आठवले असते तर ती साधी विरहाची गोष्ट झाली असती. पर्वत आठवतो याचा अर्थ असा की, ज्या ठिकाणी आपण आपल्या मापाचे होतो ते ठिकाणच हरवले आहे. हत्तीला अंगण पुरत नाही. राजवाड्याचे अंगण असले तरी पुरत नाही.

आता चित्रांची मापे पाहा. आधी हत्ती, मग पोपट, मग बाळ. प्रत्येक पावलागणिक आकृती लहान होत जाते. आरंभी जिची ताकद डोळ्यांत भरते ती शेवटी कडेवर घेण्याएवढी होते. येथे अक्कांचा स्वभाव कळतो. त्या दुबळ्या नाहीत, पण आपल्या बळाचा त्यांना आधार वाटत नाही. त्यांना हाक हवी आहे. आणि चित्रात कोण नाही? हाक मारणारा. तो अजून आलेला नाही.

२. पाखरांना विचारणारी

दुसरे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्यावर थोडेच थांबू. अक्का पोपटांना, कोकिळांना, भुंग्यांना, सरोवराकाठच्या हंसांना, डोंगरकपारीतल्या मोरांना विचारीत फिरतात की, तुम्ही माझ्या चन्नमल्लिकार्जुनाला पाहिले का? याच जातीच्या आणखी एका वचनात आंब्याच्या झाडाला आणि चांदण्यालाही विनवणी आहे.

हाही जुना संकेत. सीतेला शोधताना राम वनातल्या झाडांना विचारतो. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकाच्या चौथ्या अंकात पुरूरवा उर्वशीसाठी पशुपक्ष्यांना विचारीत हिंडतो. तेथे विचारणारा पुरुष आहे आणि हरवलेली स्त्री आहे. अक्कांनी ही जागा उलटी केली. येथे स्त्री वाटेवर आहे आणि ती पुरुषोत्तमाला शोधते आहे. बाराव्या शतकात बाईने असे एकटीने रानात हिंडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा प्रश्न येथे फारच बोलका ठरतो. या साऱ्या यादीत माणूस एकही नाही. पोपट आहे, मोर आहे, चांदणे आहे. शेजारीण नाही, बहीण नाही, वाटसरू नाही. माणसांना विचारून झाले असेल, किंवा विचारण्यात अर्थ नाही हे कळले असेल. अक्का तसे काही सांगत नाहीत. फक्त यादी देतात, आणि यादीतली रिकामी जागा आपल्याला दिसते.

३. रेशमाचा किडा

तिसरे चित्र सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण. रेशमाचा किडा आपल्या स्नेहाने घर बांधतो, आपलाच धागा आपल्याभोवती गुंडाळतो आणि त्यातच मरतो. मनाला येईल ते इच्छून मी तशीच होरपळते आहे, ही दुराशा घालवून मला तुझी वाट दाखव, असे अक्का म्हणतात.

येथे दोन शब्दांकडे लक्ष द्यावयास हवे. पहिला 'स्नेह'. हा मुळातलाच शब्द आहे आणि आपल्या मराठीतही तो आहे. स्नेह म्हणजे प्रेम, आणि स्नेह म्हणजे तेल, चिकट ओलावा. 'स्निग्ध' हा शब्द त्यावरूनच आला. किड्याच्या तोंडातून जो द्रव बाहेर पडतो आणि हवेत धागा होऊन घट्ट होतो, तो या दुसऱ्या अर्थाने स्नेहच. शेकडो मीटर लांबीचा एकसलग धागा तो आपल्या अंगातून काढतो. एकाच शब्दाने अक्कांनी दोन्ही गोष्टी दाखविल्या : ज्या ओलाव्याने आपण घर बांधतो, तोच ओलावा वाळला की भिंत होते. ममता वाईट असे त्या म्हणत नाहीत. ममता घट्ट कशी होते ते दाखवितात.

दुसरा शब्द होरपळण्याचा. कन्नडमध्ये 'बेयु' या क्रियेत शिजणे, उकळणे आणि भाजून निघणे असे तिन्ही अर्थ येतात. रेशीम काढणाऱ्या गावांत ज्यांनी कोश गरम पाण्यात टाकलेले पाहिले आहेत, त्यांना या शब्दाचा चटका लगेच जाणवेल. पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. म्हणून त्याआधीच त्याला मारावे लागते. अक्कांच्या मनात ही प्रक्रिया होती की नाही, यावर फार ताण देऊ नये. पण शब्द असा आहे की वाचणाऱ्याच्या मनात ती आल्यावाचून राहत नाही.

पहिल्या चित्राशी याची तुलना करा. हत्तीला दुसऱ्या कोणी पकडले होते. किड्याला कोणीही पकडलेले नाही. हत्तीचे एकटेपण लादलेले, किड्याचे स्वतः विणलेले. राजाने आपल्याला कोंडले असे म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. पण अक्का बोट स्वतःकडे वळवितात. माझे मन विणते, माझाच धागा, मीच आत. इतका सरळ स्वभाव फार थोड्यांचा असतो. चित्रात कोण नाही या प्रश्नाचे उत्तर येथे एकच : कोणीच नाही. कोशात दुसऱ्याला जागाच नसते. मराठी वाचकांना येथे भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 सालच्या 'कोसला' या कादंबरीचे नाव आठवेल. कोसला म्हणजे हाच कोश. आठशे वर्षांच्या अंतराने एका तरुणाचे तुटलेपण सांगताना मराठी लेखकालाही तीच वस्तू हाती घ्यावी लागली, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

४. पसरलेला हात

चौथे वचन ऐकताना प्रथम धक्का बसतो. अक्का देवाकडे मागणे मागतात, आणि ते मागणे असे : मला हात पसरून दारोदार भीक मागावयास लाव. मागितली तर लोकांना देऊ देऊ नकोस. दिली तर ती जमिनीवर पडू दे. पडली तर मी उचलण्याआधी कुत्र्याने नेऊ दे.

हे वचन डोळे मिटून पाहावे. आधी एक पसरलेला हात. मग देणाऱ्याचा हात. मग दोन हातांमधून खाली पडणारा घास. मग माती. मग कुत्रा. दृष्टी वरून खाली उतरत जाते, आणि प्रत्येक पायरीवर मिळण्याची एक आशा निर्माण होते व लगेच तुटते. अपमानाचे वर्णन करणारा एकही शब्द येथे नाही. केवळ नजर खाली उतरते, आणि आपली मान तिच्याबरोबर खाली जाते.

अक्का येथे कोठे उभ्या आहेत? दाराबाहेर. जिच्यासाठी राजवाड्याचे दार उघडे होते, ती दुसऱ्याच्या दाराबाहेर. पण नीट पाहिले तर ही पायऱ्यांची रचना त्यांनीच केली आहे. कोणी हिसकावून घेण्याआधी त्या स्वतःच सोडून देतात. 'मी' म्हणून उरलेला शेवटचा कणसुद्धा जावा, ही मागणी करणाऱ्या बाईच्या आवाजात दीनता कोठेही नाही. उलट एक हट्ट आहे, आणि थोडे हसूही आहे. कुत्र्यापर्यंत बेत आखून ठेवणारी व्यक्ती रडत नसते.

देणाऱ्याला चेहरा नाही, हे या चित्रातले रितेपण. तो पुरुष की स्त्री, ओळखीचा की परका, काही कळत नाही. सगळे गाव एका हातापुरते उरले आहे.

एका अभ्यासवर्गात हे वचन चालले होते. पुष्कळांनी अहंकारनाशावर चांगले विचार मांडले. मागे बसलेल्या एक वृद्ध भगिनी बराच वेळ गप्प होत्या. त्यांची मुले दूरदेशी. शेवटी त्या म्हणाल्या, "पण कुत्रं तरी आलं की जवळ." सगळे क्षणभर स्तब्ध झाले. त्या बाईंनी भावार्थ सांगितला नव्हता, चित्र पाहिले होते. आणि त्या चित्रात अक्कांजवळ येणारा एकमेव जीव कोणता, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

५. पडके देऊळ

पाचव्या वचनात तीच स्त्री, तीच वाट, पण उजेड निराळा. भूक लागली तर गावात भिक्षा आहे. तहान लागली तर तळी, ओढे, विहिरी आहेत. निजावयास पडकी देवळे आहेत. आणि जिवाच्या सोबतीला, चन्नमल्लिकार्जुना, तू आहेस.

मागच्या चित्रात घास कुत्र्याने नेला होता. येथे भिक्षा सहज आहे. जग बदलले असे नाही. मागण्याची धडपड गेली आहे. पडके देऊळ ही जागा विशेष पाहा. ज्या देवळात पूजा चालू आहे तेथे माणसे असतात, घंटा असते, कोणाला आत घ्यावे याचे नियम असतात. पडक्या देवळात यातले काही नाही. बसवण्णांनी देहालाच देवालय म्हटले. पाय खांब, शिर कळस असे त्यांचे प्रसिद्ध चित्र आहे. तेथे श्रीमंतांच्या बांधीव देवळांसमोर गरीब भक्ताला उभे केले आहे आणि तो सर्व गरिबांच्या वतीने बोलतो. अक्कांना देऊळ बांधावयाचेही नाही आणि कोणाशी वादही घालावयाचा नाही. त्यांना रात्रीपुरते छप्पर हवे आहे, तेही अर्धे पडलेले चालते. एकाच्या चित्रात समाज बोलतो, दुसऱ्याच्या चित्रात एक जीव.

या वचनाचे बळ एका साध्या क्रियापदात आहे. कन्नडमध्ये 'उंटु' म्हणजे 'आहे'. भिक्षेला तेच, विहिरीला तेच, पडक्या देवळाला तेच, आणि शेवटी देवालाही तेच. देवासाठी अक्कांनी भारदस्त शब्द शोधला नाही. विहीर जशी असते तसा तू असतोस. आत्म्याच्या सोबतीसाठी त्यांनी वापरलेला 'संगात' हा शब्द आपल्या 'सांगाती'चा सख्खा भाऊ आहे. गावे अनेक, विहिरी अनेक, देवळे अनेक, सांगाती एकच. येथे तिसरा प्रश्न विचारला तर उत्तर बदलते. या चित्रात माणसे नाहीत, पण उणे काही नाही. हत्तीच्या चित्रात ज्याची वाट पाहिली, तो येथे येऊन बसलेला आहे. एकटेपण होते त्याचा एकांत झाला.

मराठी वाचकांना येथे संत जनाबाई आठवणे स्वाभाविक आहे. जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी. तिच्या अभंगांत विठ्ठल दळावयास बसतो, शेण्या वेचावयास येतो. तीही एकटी, तिलाही सांगाती मिळाला. पण चित्राची जागा वेगळी. जनाबाईचा देव घरकामात येतो, कारण तिला घर सोडण्याची मुभा नाही. अक्कांचा देव वाटेवर आणि पडक्या देवळात भेटतो, कारण त्यांनी घर सोडले आहे. जाते आणि पडके देऊळ, या दोन वस्तूंतून दोन बायांचे आयुष्य कळते. कोणाची भक्ती मोठी हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

६. डोंगरावरचे घर

शेवटचे चित्र सर्वांत प्रसिद्ध. डोंगरावर घर बांधून श्वापदांना भिणारा माणूस. समुद्रकाठी घर बांधून लाटांच्या फेसाला भिणारा माणूस. बाजारात घर बांधून गोंगाटाची लाज धरणारा माणूस. हे कसे चालेल, असे अक्का विचारतात. जगात जन्मलो की स्तुती-निंदा येणारच. मनात राग न आणता समाधानी असावे, हा त्यांचा निष्कर्ष.

तीन घरे, तिन्हींच्या दारात एकेक भय. डोंगरावर मनुष्यवस्ती नाही तर श्वापद आहे. समुद्रावर श्वापद नाही तर लाट आहे. बाजारात दोन्ही नाहीत तर माणसेच आहेत. मुळात बाजारासाठी 'संते' हा शब्द आहे. सीमाभागात तो आजही आठवडी बाजारासाठी ऐकू येतो. बाजारात भीती नाही, लाज आहे, हा फरकही किती नेमका! पशू भिववितो, पाणी भिवविते, माणूस लाजवितो. वस्त्र टाकून केसांनी अंग झाकून वाट चालणाऱ्या स्त्रीला हा फरक कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आता मागचे एक चित्र परत समोर आणा. रेशमाचा किडाही घरच बांधत होता. दोन्ही वचनांत 'मने', म्हणजे घर, हाच शब्द आहे आणि घर करण्याचीच क्रिया आहे. तेथे घरात अडकून मरणे होते. येथे घरात बसून भिणे आहे. पण येथे बोलणारी घराबाहेर उभी आहे. तिन्ही घरे ती लांबून पाहू शकते आणि हसू शकते. चवथे, सुरक्षित घर मात्र ती आपल्याला दाखवीत नाही. डोंगरावर जा, किनाऱ्यावर जा, बाजारात राहा. एकांत जागेत नसतो. राग गेला तर तो बाजारातही आहे आणि राग असला तर डोंगरावरही नाही.

सभेतील एकटेपण

एक प्रसंग पाहून पाठ संपवू. पंधराव्या शतकातील 'शून्यसंपादने'त अनुभव मंटपातील अक्का आणि अल्लमप्रभू यांचा संवाद आहे. प्रभू विचारतात की, देहाचा मोह सुटला असेल तर केसांनी अंग का झाकले आहे? भरल्या सभेत, शरणांच्या समोर, हा प्रश्न. रानात, पडक्या देवळात अक्का जितक्या एकट्या नव्हत्या तितक्या या क्षणी होत्या असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांनी उत्तर दिले ते पुन्हा चित्रानेच. फळ आतून पिकल्याशिवाय बाहेरच्या सालीची झळाळी जात नाही. आणि पाहणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून झाकले आहे. एका फळात त्यांनी सगळे सांगितले : आतले आधी, बाहेरचे मागून, आणि साल सोलून पिकणे सिद्ध होत नाही. उत्तरात राग नाही. डोंगरावरच्या घराच्या वचनात सांगितलेले समाधान येथे आचरणात दिसते. सभेने त्यांना स्वीकारले, आणि 'अक्का', म्हणजे थोरली बहीण, हे नाते कायमचे त्यांच्या नावाला जोडले गेले. जिच्या चित्रांत माणूस सापडत नव्हता, तिला आज आठशे वर्षे लोक बहीण म्हणून हाक मारीत आहेत.

चिंतन

सहा चित्रांतून एक गोष्ट हाती येते. अक्कांनी एकटेपण झाकले नाही आणि त्याचे कौतुकही केले नाही. ते कसे दिसते तेवढे त्यांनी दाखविले. म्हणूनच त्या हत्तीत आपल्याला आपले कोणीतरी दिसते, त्या कोशात आपण स्वतः दिसतो. 'अक्का वैराग्यमूर्ती होत्या' असे म्हणून आपण त्यांना मखरात बसवितो आणि त्यांच्याशी आपले नाते तोडतो. मखरातल्या मूर्तीला कोणी आपले दुःख सांगत नाही. थोरल्या बहिणीला सांगतात.

आपल्या घराघरांतून आज एकटी माणसे आहेत. जोडीदार गेलेली, मुले लांब असलेली, भरल्या घरातही कोणी न बोलणारी. त्यांच्यापुढे वैराग्याचे प्रवचन करण्याआधी पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसून हे एखादे वचन वाचावे आणि विचारावे, "तुम्हाला यात काय दिसते?" उत्तर बहुधा आपल्या भावार्थापेक्षा चांगले येईल.

स्वाध्याय

१. हत्ती, पोपट आणि बाळ हा क्रम उलटा केला तर वचनाच्या परिणामात काय फरक पडेल?

२. 'स्नेह' या शब्दाचे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवून रेशमाच्या किड्याचे वचन आपल्या शब्दांत समजावून सांगा.

३. भिक्षेच्या वचनात कुत्र्याचे चित्र नसते तर काय हरपले असते?

४. अक्कांचे आणखी एखादे वचन निवडा. त्याला या पाठातील तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरे आपल्या अभ्यासवर्गात वाचून दाखवा.

शरणु शरणार्थी.